नाचणारी बाई आणि खुर्च्यांची रांग

नाच म्हटलं की आपल्या वस्तीतली जुनी माणसं अजून तोंड फिरवतात. त्याला कारण आहे. तमाशाच्या फडात आपल्याच आयाबहिणी नाचल्या आणि समोर दौलतजादा करणारे दुसरे होते. मग विहाराच्या स्मरणिकेत नाचणाऱ्या बाईचा इतिहास कशाला, असं कुणी विचारील. तर ऐका.

कॅथरीन डनहॅम यांचा जन्म १९०९ सालचा, अमेरिकेतल्या काळ्या समाजातला. शिकागो विद्यापीठात त्या मानववंशशास्त्र शिकल्या. १९३५ साली शिष्यवृत्ती मिळवून जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद, हैती ही बेटं फिरल्या. गुलामांच्या वंशजांनी कोणता नाच जपलाय, कोणत्या ढोलावर कोणतं पाऊल पडतं, हे वहीत लिहून घेतलं आणि स्वतः नाचून शिकल्या. शास्त्र हातात घेऊन बाई नाचाकडे गेली, पोटासाठी ढकलली गेली नाही. मला तरी हा फरक मोठा वाटतो.

मार्टिनिकच्या झुंजीच्या नाचावरून त्यांनी १९३८ साली ‘लाग्या’ बसवला. पुढे स्वतःची मंडळी उभी केली. त्यांचा ‘ट्रॉपिकल रेव्ह्यू’ १९४३ पासून गावोगाव फिरला. रेव्ह्यू म्हणजे नाच, गाणी, वाद्यं असा तुकड्यातुकड्यांचा खेळ, आपल्याकडच्या व्हरायटी शोसारखा.

आता खरी गोष्ट. ऑक्टोबर १९४४, केंटकी राज्यातलं लुईव्हिल शहर. स्टेजवर काळी मंडळी, टाळ्या गोऱ्यांच्या, पण काळ्या प्रेक्षकाला गोऱ्याच्या शेजारची खुर्ची नाही! खेळ संपला तशा डनहॅमबाई पुढे आल्या आणि भर सभागृहात सांगितलं की, आमच्या माणसांना तुमच्या शेजारी बसू देत नाहीत, तोवर मी इथं परत येणार नाही. तिकिटाच्या गल्ल्यावर आपल्या मंडळींचं पोट असताना हे बोलणं सोपं नव्हतं.

१९५० साली ब्राझीलच्या साओ पावलोत एका बड्या हॉटेलनं त्यांना खोली नाकारली. बाई गप्प बसल्या नाहीत. बोभाटा थेट तिथल्या संसदेत पोचला आणि १९५१ साली वर्णभेदाविरुद्ध कायदा झाला. त्याच वर्षी चिलीत त्यांनी ‘साउथलँड’ केलं. काळ्या माणसाला जमाव झाडाला लटकावून मारतो, ते त्यात दाखवलं होतं. अमेरिकन वकिलातीला ते खपलं नाही.

पुढं १९६७ साली ईस्ट सेंट लुईच्या गरीब काळ्या वस्तीत त्यांनी कलाशाळा काढली आणि रस्त्यावरच्या पोरांच्या हाती ढोल दिले. तिथंच १९९२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्या उपोषणाला बसल्या. हैतीहून बोटीनं पळून येणाऱ्या निर्वासितांना अमेरिकन सरकार परत पाठवत होतं म्हणून. ४७ दिवस अन्न घेतलं नाही. २००६ साली न्यूयॉर्कला त्या वारल्या. ज्यांच्यासाठी त्या उपाशी राहिल्या, त्या हैतीच्याच माणसांनी तरुणपणी त्यांना ढोलावर पाऊल टाकायला शिकवलं होतं.