एन्फील्डची पट्टी

१८५७ म्हटले की आपल्याला काडतूस आठवते. बंदुकीच्या पाठीवरच्या बोटभर पट्टीकडे कोणी पाहत नाही. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ठासणीचीच, पण तिच्या नळीत तीन पेचदार खोबणी होत्या, आणि मार लांब पोचे. गोळी मात्र कमान घेऊन जाते. जितके अंतर जास्त तितकी नळी वर उचलावी लागते. त्यासाठी ही पट्टी. ४०० यार्डांपर्यंत ती आडवीच, पायऱ्यांवर टेकवायची. पुढे उभी करून सरकती खाच ९०० च्या आकड्यापर्यंत चढवायची. खाच, नळीच्या टोकाची माशी आणि निशाण एका ओळीत आणायचे. (त्या माशीच्याच बुडाला संगीन अडके.) अंतराचा अंदाज मात्र ज्याचा त्याने बांधायचा. ही विद्या शिकवायला डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे शिपाई बोलावले होते.

उठाव मोडला आणि हिंदी पलटणींसाठी १८५८ चा नमुना निघाला. बाहेरून बंदूक तीच. आत नळी गुळगुळीत, आणि पट्टीच्या जागी एकच न हलणारी खाच. कारखान्यात राबणाऱ्याला यातली मेख सांगावी लागत नाही. हत्यार हाती ठेवले, माप तेवढे काढून घेतले. गोऱ्या पलटणींच्या बंदुकांवर पट्टी तशीच राहिली.