जेम्स व्हेलला कोणी संपवलं?

जेम्स व्हेलविषयी एक समज आता पक्का झाला आहे. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'चा हा दिग्दर्शक समलिंगी होता, ते त्याने लपवलं नाही, म्हणून हॉलिवूडने त्याला हाकललं. आणि गावाने मशाली घेऊन ज्याच्या मागे लागावं असा पडद्यावरचा राक्षस म्हणजे तो स्वतःच. ही मांडणी सहानुभूतीतून आली आहे. तरीही ती मला मान्य नाही, कारण तिच्यात व्हेलचं अर्धं आयुष्य गळून पडतं.

आधी हकालपट्टीचं बघू. निर्माता डेव्हिड लुईसबरोबर तो सुमारे वीस वर्षं लपवाछपवी न करता राहिला. त्याच काळात युनिव्हर्सलने 'द इन्व्हिजिबल मॅन', 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन', 'शो बोट' त्याच्या हाती दिले. दिग्दर्शक जॉर्ज क्युकरही समलिंगी. तो तर १९८१पर्यंत चित्रपट करत होता. व्हेलचं बिनसलं ते १९३७मध्ये, रेमार्कच्या कादंबरीवरच्या 'द रोड बॅक'पायी. लॉस एंजेलिसमधल्या नाझी वाणिज्यदूताने कलावंतांना धमकीची पत्रं धाडली. स्टुडिओने चित्रपटाला कात्री लावली, वर विनोदी प्रसंग घुसडले. त्याला सांभाळून घेणाऱ्या लेमली कुटुंबाच्या हातून युनिव्हर्सल आदल्याच वर्षी गेलं होतं.

आता राक्षस. इंग्लंडमधल्या डडलीच्या कामगारवस्तीतला हा मुलगा पहिल्या महायुद्धात लढला, १९१७मध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि होल्झमिंडनच्या छावणीत नाटकं करू लागला. त्याचं नाव झालं तेही खंदकातल्या सैनिकांवरच्या 'जर्नीज एंड' या नाटकामुळे. त्यावरच्या चित्रपटातला दारूत बुडालेला कॅप्टन, कॉलिन क्लाइव्ह, हाच पुढे त्याचा फ्रँकेन्स्टाइन झाला. प्रेतांचे तुकडे शिवून उभं केलेलं शरीर अशा माणसाने पडद्यावर आणलं, तर त्यात आधी युद्ध दिसायला हवं. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये बुडालेल्या लहानग्या मारियाला हातांवर घेऊन तिचा बाप गावातून चालत येतो, तो प्रसंग पाहा. लग्नाचा जल्लोष चालू आहे, लोक नाचताहेत. तो जवळून जाईल तसतसे ते थबकतात. बाप बोलत नाही, कॅमेरा त्याच्याबरोबर चालत राहतो. घरोघरी पोरांच्या मरणाच्या बातम्या आलेल्या देशातून व्हेल आला होता.

त्याचं समलिंगी असणं चित्रपटांत नाही, असं मी म्हणत नाही. 'ब्राइड'मधला डॉक्टर प्रिटोरियस बघा: अर्नेस्ट थेसिजरने तो किती मिश्किल, किती बेडर केला आहे! पण तिथे कीव मागणारं काही नाही.

१९५७मध्ये व्हेलने स्वतःच्या घरच्या पोहण्याच्या तलावात जीव दिला. त्याची चिठ्ठी लुईसने कित्येक वर्षं उघड केली नाही, तोवर तर्कांना ऊत आला. चिठ्ठीत हॉलिवूडविषयी तक्रार नव्हती. म्हातारपण, आजार आणि वेदना एवढंच होतं.