नेपच्यूनची राणी

जुन्या आरमारी जीवनाची छायाचित्रं पाहायचा मला अलीकडे छंद जडला आहे. त्यात एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. जहाज विषुववृत्त ओलांडतंय. डेकवर खोटी दाढी लावून समुद्रदेव नेपच्यून उभा आहे आणि शेजारी त्याची राणी, म्हणजे झगा घातलेला एखादा दणकट खलाशी! आपल्याकडचे स्त्रीपार्टी नट आठवल्यावाचून राहत नाहीत. पहिल्यांदाच विषुववृत्त ओलांडणाऱ्याची या दरबारात लुटुपुटीची हजामत होई. १८३२ साली 'बीगल' जहाजावर डार्विनही त्यातून सुटला नाही.

जहाज आणि नाटक यांचं नातं कॅमेऱ्याहून जुनं आहे. १८१९ साली एडवर्ड पॅरी यांची 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही जहाजं आर्क्टिकमधल्या मेल्व्हिल बेटापाशी बर्फात हिवाळा काढत होती. सुमारे तीन महिने सूर्य दिसणार नव्हता. सूर्य मावळला आणि लगेच, ५ नोव्हेंबरला, 'हेक्ला'वर नाटकाचा पडदा उघडला! पुढे दर पंधरवड्याला प्रयोग होत राहिले. खुद्द पॅरीही त्यात काम करत. थंडीइतकाच रिकामेपणा माणसाला खचवतो, हे त्यांना ठाऊक होतं.

हे वाचलं आणि मी ओशाळलो. नोकरीत असताना 'पोर्शन राहिलाय' म्हणून मी एका वर्गाची संमेलनातली नाटिका बंद पाडली होती. मुलांनी मुकाट्यानं पुस्तकं उघडली. पोर्शन पूर्ण झाला खरा. पण तेव्हा काय शिकवलं, ते आज मलाच आठवत नाही. मुलांचे उतरलेले चेहरे तेवढे आठवतात. त्या नाटिकेचा फोटो मात्र कुणाकडेच नाही.