घोडनवरी

नवरा नानांनी पाहिला, पण मुहूर्त काढला तो शारदेच्या कायद्यानं, असं आजी म्हणायची. नाना म्हणजे तिचे वडील. तिचं लग्न १९३० च्या फाल्गुनातलं, कल्याणात, पारनाक्याजवळच्या भाड्याच्या बिऱ्हाडासमोर मांडव घालून झालेलं. नवरा ठाण्याचा. लग्नात तिचं वय काय होतं, हे विचारलं की ती आकडा सांगत नसे. ‘मानमोडीच्या साथीत मी आईच्या मांडीवर होते’, एवढंच. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या हिशेबानं बोहल्यावर चढताना ती बारा वर्षांची, नाहीतर त्याच्याही आतली.

शारदेचा कायदा हे नाव तिनं एकटीनं पाडलेलं नव्हतं, गावानंच पाडलं होतं. अजमेरच्या हरबिलास सारडांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, म्हणून तो सारडा ॲक्ट. पण आपल्याकडे देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ पासून रंगभूमीवर होतं. त्यातली शारदा म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात पडता पडता वाचते. मराठी माणसानं सारडांची शारदा करून टाकली आणि कुणाला काही खटकलं नाही. सरकारनं नाटक पाहून कायदा केला, अशीच आजीची समजूत. मी एकदा दुरुस्ती सुचवली, तर म्हणाली, ‘अगं, मग त्या सारड्यानं पाहिलं असेल नाटक.’

कायदा मंजूर झाला १९२९ च्या सप्टेंबरात आणि लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मुलीला चौदा पूर्ण, मुलाला अठरा. मधले सहा महिने लोकांना तयारीसाठी दिले असतील, तर लोकांनी तयारी अगदी जोरात केली. तुळशीची लग्नं लागली आणि पाठोपाठ मुलींची सुरू झाली. पौष तेवढा आडवा आला. आजीच्या लग्नादिवशी गुरुजींचं ते तिसरं लग्न होतं, घसा पार बसलेला. शेवटची मंगलाष्टकं आचाऱ्यानं म्हटली, हातातला झारा खाली न ठेवता. वाजंत्री दुसऱ्या मांडवातून निघायचे होते ते निघालेच नाहीत, तेव्हा घटका भरल्यावर कुणीतरी परात बडवली. हार घालायला हात पोचेना म्हणून मामानं तिला उचललं. हे सगळं ती हसत सांगायची. एकच गोष्ट न हसता सांगायची: सासरी पोचल्यावर रात्री तिला दारांचा अंदाज येईना आणि परसाकडे जायचं कुणाला विचारावं, ते कळेना.

घाई एकट्या कल्याणची नव्हती. १९३१ ची खानेसुमारी झाली तेव्हा लहान वयात लग्न झालेल्या मुलींची संख्या देशभर फुगलेली निघाली. मला नानांचं नवल वाटत आलं आहे. माणूस कर्मठ नव्हता. रेल्वेत कारकून, घरी ‘केसरी’ यायचा, मुलीला तिसरीपर्यंत शाळेत घातलेलं. दोन वर्षं थांबू, असं व्याह्यांशी बोलणंही झालं होतं. पण तुरुंगाच्या नावानं त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी कायदा वाचला असता तर कदाचित शांत झोपले असते. शिक्षा फार तर महिनाभर साधी कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईला कैद नाहीच. पोलिसांनी आपण होऊन हात घालायची सोय नाही. कुणीतरी कोर्टात फिर्याद करायची आणि ती खोटी ठरली तर भरपाईसाठी शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका आधी त्यानंच लिहून द्यायचा. शेजाऱ्याच्या मुलीसाठी शंभर रुपये अडकवणारा माणूस पारनाक्यावर कुठून निघणार? आणि इतकं होऊनही लागलेलं लग्न कायमच राहणार. दात नसलेला कायदा होता, पण त्याच्या नुसत्या भुंकण्यानं आमच्या घरातलं एक लग्न दोन वर्षं अलीकडे आलं.

आजीच्या आजेसासूबाई मूळच्या कल्याणच्या. त्यांच्या लहानपणी गावात एकच बोलणं: जोश्यांची यमू आगबोटीनं अमेरिकेला गेली. यमू म्हणजे आनंदीबाई. नऊ वर्षांची असताना पोस्टातल्या गोपाळरावांशी लग्न झालेलं; नवरा वयानं कितीतरी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं ते दहा दिवसांत गेलं. १८८६ च्या मार्चमध्ये ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. बरोबर सहा दिवसांनी, ४ मार्चला, मुंबई हायकोर्टात रखमाबाईंना हुकूम झाला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्याही विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. आजेसासूबाईंना त्या सहा दिवसांचा पत्ता असण्याचं कारण नाही, मलाही तो तारखा शेजारी मांडल्यावरच लागला. त्या एवढंच म्हणत, की यमू शिकली म्हणून मेली, असं बायका म्हणायच्या. चौदाव्या वर्षीच्या बाळंतपणाचं नाव कुणी काढत नसे.

संमतिवयाचा वाद त्यानंतरचा. १८६० च्या दंडसंहितेत दहा वर्षं होती, ती १८९१ मध्ये बारा झाली, आणि तेवढ्यावरून पुण्यात टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला. सारडा विधेयकाच्या वेळी चौकशी समितीचे अध्यक्ष सर मोरोपंत जोशी होते. म्हणजे यमू जोश्यांची आणि समितीही जोश्यांची, ही आमच्या बाबांची आवडती कोटी.

पुढचे आकडे आमच्या घराला नुसते चाटून गेले. १९४९ मध्ये पंधरा झालं, १९७८ मध्ये मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस. तोवर आम्ही डोंबिवलीत आलो होतो आणि आत्या सकाळची लोकल पकडून फोर्टात नोकरीला जात होती. तिचं लग्न सव्विसाव्या वर्षी झालं. ते कायद्यानं थांबलं नव्हतं, जागेनं थांबलं होतं. दोन खोल्यांत सात माणसं, तिचा पगार घरात लागणारा, आणि होणाऱ्या नवऱ्याला ब्लॉक मिळेपर्यंत दम धरणं भाग. घोडनवरी हा शब्द त्या काळात आमच्या चाळीत निव्वळ चेष्टेला उरला. २०२१ मध्ये मुलींचंही वय एकवीस करायचं विधेयक लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि पुढे लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. डोंबिवलीत फडके रोडवर त्याची कुणी दखल घेतल्याचं मला आठवत नाही.

दखल घ्यावी लागते ती लोकलच्या रुळांपलीकडे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. शहापूरकडे काम करणारी माझी मैत्रीण सांगते, वीटभट्टीवर जाण्याआधी पोरीचं लग्न उरकायची घाई असते. २००६ च्या कायद्याखाली गावात ते अडवायचं काम ग्रामसेवकाचं. तो आला की पहिला प्रश्न, वय काय? आधार कार्ड निघतं. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी. आईची १ जानेवारी, बापाची १ जानेवारी, पोरीचीही तीच.

हे ऐकून मला आजीचा दाखला आठवला. मतदार ओळखपत्रं निघाली तेव्हा बाबांना तिची खरी जन्मतारीख शोधायची हुक्की आली. कल्याणच्या शाळेतून त्यांनी खटपट करून जुन्या रजिस्टरातला उतारा मिळवला. आपल्याकडच्या निम्म्या जुन्या माणसांसारखी तीही १ जूनला जन्मलेली: शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोर बघून साल टाकायचे. साल होतं १९१६.

बाबांनी बोटं मोजली. ‘आई, यात लिहिलंय ते धरलं तर त्या जूनमध्येच तुला चौदा पूर्ण होत होती. नाना अडीच महिने थांबले असते तर कायद्यात बसत होतं.’

आजीनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. ‘म्हणजे पावणेचौदाची होते मी लग्नात?’ ती म्हणाली. ‘अगोबाई, घोडनवरीच की!’