टाकीत उतरलेला पंप

आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे मंडलाचे ठिकाण आहे. मंडल म्हणजे तेलंगणातील तालुक्यासारखाच, पण त्याहून लहान असा महसुली घटक. 1905 मध्ये निजामाच्या राजवटीत आदिलाबाद स्वतंत्र जिल्हा झाला आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे त्याचे मराठीभाषक तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. तरीही मागे राहिलेल्या पट्ट्यात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या भाषा आजही एकाच बाजारात ऐकू येतात. कापसाच्या या काळ्या मातीच्या मुलखात मोटार चालती ठेवण्याच्या कारागिरीचा इतिहास पाहायचा, तर टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवणाऱ्या पंपाचा माग काढणे हा त्याचा एक नेमका मार्ग आहे, कारण या एका भागाची जागा बदलली आणि तिच्याबरोबर मिस्त्रीच्या कामाचे स्वरूपच पालटले.

आरंभीच्या मोटारींना पंपाची गरजच नव्हती. 1908 साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीत टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल आपल्याच वजनाने उतरून कार्बोरेटरात, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भांड्यात, येई. चढ तीव्र असला आणि टाकीत पेट्रोल कमी असले की इंजिन टाकीपेक्षा वर जाई, म्हणून तो चढ गाडी उलटी चालवून पार करावा लागे. टाकी मागे आणि खाली गेल्यावर मात्र पेट्रोल ओढून आणणारे साधन आवश्यक ठरले. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हा जगभरच्या मोटारींमध्ये इंजिनाच्याच बळावर चालणारा यांत्रिक पंप रूढ होऊ लागला होता.

या पंपाची रचना सोपी होती आणि त्या सोपेपणातच त्याचे दीर्घायुष्य होते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवटा एक तरफ हलवी, तरफेमुळे रबरी कापडाचा पडदा म्हणजे डायाफ्राम खाली ओढला जाई आणि पेट्रोल आत येई, मग स्प्रिंग तो पडदा वर ढकलून पेट्रोल कार्बोरेटरकडे पाठवी. त्यासाठी जेमतेम पाव बार दाब पुरे होई. एक बार म्हणजे ढोबळमानाने वातावरणाच्या दाबाइतका दाब. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 या दोन्ही गाड्यांचे पंप याच जातीचे होते. ते इंजिनाच्या बाहेर, हाताला येतील असे असत. बिघाड झाला तर झाकणाचे स्क्रू काढून किटमधला नवा डायाफ्राम आणि झडपा बसवल्या की काम भागे. निदानही उघड्या डोळ्यांनी होई. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरायची आणि सेल्फ मारून पेट्रोलची धार किती जोरात येते ते पाहायचे. ऑईलची पट्टी बाहेर काढून तिला पेट्रोलचा वास येतो का ते हुंगायचे, कारण फाटलेल्या डायाफ्राममधून पेट्रोल झिरपून ऑईलमध्ये उतरते.

या पंपाचा खरा शत्रू उन्हाळा होता, आणि आदिलाबादचा उन्हाळा सौम्य नाही. तापलेल्या इंजिनाला चिकटलेला पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीतला दाब वातावरणाहून कमी करतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळते. नळीत द्रवाऐवजी वाफ भरली की पंप नुसताच हलत राहतो आणि गाडी भर दुपारी रस्त्यात थांबते. पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबायचे, हा त्यावरचा देशभरातल्या चालकांचा उपाय होता. पुस्तकी शिक्षणाशिवाय रुळलेला हा उपाय शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर होता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

बदल आला तो धुरामुळे. वाहनांच्या धुरावर 2000 पासून देशभर युरोपीय धर्तीची बंधने लागू झाली. पुढचा भारत स्टेज 2 हा टप्पा 2005 मध्ये, स्टेज 3 हा 2010 मध्ये, स्टेज 4 हा 2017 मध्ये आणि स्टेज 6 हा 2020 मध्ये सर्वत्र पोहोचला. स्टेज 4 पर्यंतचे हे टप्पे मोठ्या शहरांना आधी लागू होत. स्टेज 4 साठी 2010 मध्ये निवडलेल्या शहरांत हैदराबाद, मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होते. धूर या मर्यादेत ठेवायचा तर पेट्रोल अचूक मोजून द्यावे लागते, आणि ते काम कार्बोरेटरला झेपणारे नव्हते, म्हणून प्रत्येक सिलिंडरजवळ वेगळा इंजेक्टर असलेली एमपीएफआय पद्धत आली आणि तिला पाव बारऐवजी सुमारे तीन बार दाब लागू लागला. इतका दाब देणारा विजेवरचा पंप टाकीतच ठेवणे सोयीचे ठरले. अमेरिकेत 1971 च्या शेव्हरोले व्हेगा गाडीत कमी दाबाचा पंप टाकीत बसवला गेला होता. भारतात ही रचना सर्वपरिचित झाली ती 1998 च्या सँट्रोसारख्या गाड्यांपासून. टाकीतला पंप पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. नळीतला दाब वाढल्याने वाफेचा जुना त्रास जवळजवळ संपला. पेट्रोलमध्ये बुडालेली विजेची मोटर ऐकून धोकादायक वाटते, पण टाकीतली वाफ एरवी इतकी दाट असते की तिला पेट घेण्यापुरती हवाच मिळत नाही. शिवाय पेट्रोलच त्या मोटरला थंड ठेवते, आणि म्हणूनच सदैव रिझर्व्हवर फिरवलेल्या गाडीचा पंप लवकर जळतो.

येथे कारागिरीचे मर्म बदलले. पूर्वी पंप खोलून दुरुस्त होई. आता तो बंद डब्यासारखा येतो आणि बदलावाच लागतो. त्यामुळे मिस्त्रीचे कसब हातातून निदानात गेले, आणि चुकलेल्या निदानाची किंमत ग्राहकाला हजारो रुपयांत मोजावी लागू लागली. चांगला मिस्त्री प्रथम ऐकतो. किल्ली फिरवताच मागच्या बैठकीखालून सुमारे दोन सेकंद बारीक घरघर आली पाहिजे. इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळाला नाही की नियंत्रक संगणक पंप पुन्हा बंद करतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच. शेजारचा हॉर्नचा रिले त्याच नमुन्याचा असेल तर तो तिथे लावून पाहता येतो. मग पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प धरून सेल्फ मारायचा. दिवा लागला आणि अर्थिंगही पक्के असले तर दोष पंपाचा. दिवा लागला नाही तर दोष वायरिंगचा किंवा इंजिन फिरत असल्याचा संकेत देणाऱ्या क्रँक सेन्सरचा असू शकतो, आणि तिथे नवा पंप घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. टाकीवर रबरी हातोडीने हलकेच ठोकताच बंद पंप चालू झाला, तर मोटरचे कार्बन झिजल्याची ती खूण मानावी.

सर्वांत फसवा बिघाड अर्धवट असतो: गाडी सुरू होते, सपाटीवर चालते, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटके मारते. अशा वेळी नळीत टी-जोड घालून दाबमापक लावण्यावाचून गत्यंतर नाही. दाब कमी भरला तर चाळणी कचऱ्याने तुंबली असेल, दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर बिघडला असेल किंवा टाकीच्या आतली नळी फुटली असेल. इंजिन बंद करताच दाब झपाट्याने उतरला तर पंपाची एकमार्गी झडप किंवा एखादा इंजेक्टर गळत असतो. पंप चालू असतानाच त्याच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजणे ही पायरी अनेकजण गाळतात. गंजलेल्या कनेक्टरमुळे तिथे बारा व्होल्टऐवजी नऊ-दहाच पोहोचत असतील, तर नवा पंपही जुन्यासारखाच हळू फिरणार, हे उघड आहे.

बदलण्याचे काम त्यामानाने सरळ, पण बेफिकिरी खपवून न घेणारे आहे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले की नळीतला दाब निघून जातो. मग बॅटरीची ऋण वायर सोडायची, मागची बैठक उचलायची आणि पत्र्याचे झाकण काढायचे. झाकणाखाली साचलेली काळ्या मातीची बारीक धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण झाडल्याशिवाय टाकी उघडू नये, कारण ती धूळ आत पडली तर नव्या पंपाची चाळणी पहिल्याच महिन्यात तुंबते. पंप टाकीत धरून ठेवणारी लॉकरिंग लोखंडी छिन्नीने न ठोकता पितळी पट्टीने फिरवतात, म्हणजे ठिणगी उडत नाही. असेंब्ली तिरपी करून काढतात, म्हणजे काट्याला पेट्रोलची पातळी कळवणाऱ्या तरंगत्या गोळ्याची दांडी वाकत नाही. पूर्ण असेंब्ली महाग पडते म्हणून आपल्याकडे पुष्कळदा आतली मोटर आणि चाळणी तेवढी बदलून जुना सांगाडा ठेवतात. रबरी रिंग नवी घातली आणि आतल्या नळीचा जोड नीट आवळला, तर या काटकसरीत गैर काहीच नाही.

एप्रिल 2023 पासून नव्या गाड्यांचे इंधनमार्गातले भाग पेट्रोलमध्ये मिसळलेले 20 टक्के इथेनॉल सोसतील असे बनतात; जुन्या गाड्यांतले रबर त्यासाठी घडवलेले नाही, आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचून पंप गंजण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे, पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या नव्या टर्बो इंजिनांत टाकीतल्या पंपाने पाठवलेले पेट्रोल इंजिनावरच्या दुसऱ्या पंपात जाते. तो पुन्हा कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर चालतो आणि दाब शंभर बारांच्याही वर नेतो, त्यामुळे अशा गाडीची ताकद कमी झाली की दोन पंपांपैकी नेमका कोणता दगा देतो आहे हे दोन्हींचे दाब वेगवेगळे मोजूनच ठरवावे लागते.