पंचविसाव्या हिश्श्यातला इतिहास

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न केला तर ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे ही नावे आपणां सर्वांच्या ओठांवर येतात. या यादीत मुलांच्या एका खेळण्याची भर घालावी असे आम्ही म्हटले, तर श्रोत्यांना ती थट्टा वाटेल. परंतु अमेरिकेतील मोटारींच्या इतिहासापुरते हे विधान आम्ही पूर्ण गांभीर्याने करीत आहो. टेबलाशी बसून जोडलेली, वीतभर लांबीची प्लॅस्टिकची मोटार हे त्या इतिहासाचे एक अस्सल साधन आहे.

हे समजण्यासाठी प्रथम मूळ मोटारीकडे पाहिले पाहिजे. १९२७ साली जनरल मोटर्स कंपनीने मोटारीच्या रूपाची काळजी वाहण्यासाठी हार्ली अर्ल यांच्या हाताखाली एक स्वतंत्र खाते उघडले. आपले मूर्तिकार शाडूची मूर्ती घडवितात, तशी तेथे मातीची मोटार घडवीत आणि मग ती पोलादात उतरवीत. दरवर्षी मोटारीने नवा मुखवटा धारण करावा, म्हणजे गेल्या वर्षीची मोटार चालत असूनही जुनी वाटावी, हे धंद्याचे सूत्र ठरले. वर्षावर्षाला बदलणाऱ्या या रूपाची नोंद ठेवणार कोण?

ती नोंद अनपेक्षित ठिकाणी झाली. १९४८ साली डेट्रॉइटच्या परिसरात ए. एम. टी. नावाची कंपनी निघाली. तिच्या नमुना-मोटारी आरंभी अ‍ॅल्युमिनियमच्या आणि लवकरच प्लॅस्टिकच्या होऊ लागल्या. मोटारविक्रेते त्या आपल्या दालनात मांडीत आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या मुलाच्या हाती देत. या प्रतिकृती मूळ मोटारीच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या असत आणि त्यांचे रंगही कारखान्याच्या रंगांशी जुळते असत. आरंभीचे प्लॅस्टिक कालांतराने वाकडे होई, हा त्यांतला दोष. पण आकाराच्या बाबतीत त्या कारखान्याच्या संमतीनेच निघालेल्या असत. म्हणूनच त्यांना आम्ही खेळण्यापेक्षा दस्तऐवज म्हणतो.

१९५८ साली याच कंपनीने मोटार सुट्या भागांच्या रूपात पेटीत घालून विकावयास काढली. एकाच पेटीतून तीन प्रकारची मोटार बनविता येई: कारखान्यातून निघाली तशी, हौसेने सजविलेली, किंवा शर्यतीची. हजारो मुलांनी शर्यतीची निवडली, सुरी चालविली, टप कापला, आणि जोडलेली मोटार अंगणात आपटून मोडली. आज न उघडलेली जुनी पेटी संग्राहक जपून ठेवतात, त्याचे कारण हेच.

आता जोडणीचे काम पाहू. १९५९ सालची कॅडिलॅक, म्हणजे शेपटीला उंच पंख असलेली ती प्रसिद्ध मोटार, २२५ इंच लांब होती. तिची प्रतिकृती बरोबर ९ इंचांची होते. हे प्रमाण लांबीपुरतेच नाही. प्रतिकृतीवर दशांश मिलिमीटर जाडीचा रंग चढला, तर तो खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटरचा लेप दिल्यासारखा दिसतो आणि दारांच्या फटी बुजून जातात. म्हणून जाणता कारागीर आधी साच्याच्या सांध्याची बारीक रेघ पॉलिशपेपरने घासून काढतो, मग रंगाचे अनेक विरळ थर देतो. काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांसाठी तो केसासारखा पातळ धातूचा वर्ख चिकटवतो. पुढच्या जाळीच्या खाचांत काळा रंग सोडून वरचा पुसून घेतो, म्हणजे खोली दिसू लागते. इंजिनावर बारीक तारा ओढून स्पार्क प्लग जोडतो. आणि कोणती तार कोठून कोठे जाते, त्या वर्षी आसनांचा रंग कोणता होता, हे ठरविण्यासाठी त्याला जुनी माहितीपत्रके आणि छायाचित्रे ताडून पाहावी लागतात. बखरकाराचे म्हणणे आणि दप्तरातला कागद समोरासमोर ठेवणाऱ्या संशोधकाचे काम याहून वेगळे काय असते?

या साधनाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. क्रायस्लर कंपनीने टर्बाइन इंजिनाची मोटार बनविली. तिचे कवच इटलीतील घिया या कारखान्यात तयार होई. ऑक्टोबर १९६३ पासून जानेवारी १९६६ पर्यंत २०३ चालकांना ती पाळीपाळीने वापरण्यास दिली. एकूण ५५ मोटारी झाल्या होत्या. प्रयोग संपल्यावर कंपनीने त्यांतल्या ४६ नष्ट केल्या. नऊच उरल्या. डेट्रॉइटच्या जो-हॅन कंपनीने मात्र याच मोटारीची सुट्या भागांची पेटी काढली होती, आणि टर्बाइन इंजिनाचे भागही त्या पेटीत होते. कर्त्याने जे मोडले, ते मुलांच्या कपाटांत राहिले.

तरी साधनाची परीक्षा केल्यावाचून ते स्वीकारू नये, हा इतिहासाचा पहिला धडा आहे. या छोट्या मोटारींतही दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की दरवर्षीच्या नव्या मोटारीसाठी जुनाच साचा पुष्कळदा कोरून बदलीत. म्हणजे मोटारीला जो शाप होता तोच प्रतिकृतीलाही भोवला. आज इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील एक कंपनी असे काही हरवलेले साचे नव्याने घडवीत आहे. त्याच गावात स्टुडबेकरचा मोठा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद पडला होता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. फिशर बॉडी या जनरल मोटर्सच्या शाखेने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी प्रतिकृती बनविण्याची मोठी स्पर्धा चालविली. १९४७ साली तीत यशस्वी झालेला चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या रूपरचना खात्याचा प्रमुख झाला. पण त्याच फिशर बॉडीच्या फ्लिंट येथील कारखान्यात ३० डिसेंबर १९३६ पासून कामगार यंत्रांशेजारी ठाण मांडून बसले होते, आणि ४४ दिवसांनी त्यांच्या संघटनेला मान्यता मिळाली. त्या लढ्याची एकही खूण नऊ इंचांच्या मोटारीवर नाही. तिला गंज नाही, तेलाचा डाग नाही, तिला जोडणारा कामगारही तिच्यात दिसत नाही.

आपल्याला हा विषय अगदीच परका नाही. १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईत होता. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ मोटारी जोडल्या. खोक्यांतून आलेले सुटे भाग एकत्र करून मोटार उभी करणे हे मुंबईच्या कामगाराचे रोजचे काम होते. अमेरिकेतील मूल टेबलावर जे खेळले, ते त्याने पूर्ण मापात, घाम गाळून केले. म्हणून अशी छोटी मोटार कोठे पाहण्यात आली, तर तिच्या चकाकीचे कौतुक अवश्य करावे. आणि मूळची मोटार कोणाकोणाच्या हातांनी जोडली, हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या पेटीत मिळणार नाही. ते कामगारांच्या आठवणींतून, हजेरीपुस्तकांतून आणि जुन्या वृत्तपत्रांतून आपणांलाच शोधावे लागेल.