बोरूपासून लाइव्ह रायटरपर्यंत

कवी मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले. त्यांच्या आर्या त्या काळी प्रसिद्ध केल्या कोणी? मराठी छापखाने अजून निघायचे होते. लोक पोथ्या हाताने उतरवून घेत आणि कीर्तनकार त्या आर्या गावोगाव नेत. बोरू कोणालाही तासता येई, बोथटला तर पुन्हा तासता येई. लिहिण्याचे साधन कोणा एकाच्या मुठीत नव्हते.

संगणक आल्यावर काही काळ हे चित्र पालटले. १९९० च्या दशकातल्या अनेक मराठी फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की निरर्थक रोमन अक्षरे दिसत. यावर उपाय होता सर्वांनी एकच क्रमांक मानण्याचा. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतःची जागा दिली. त्यात 'क' चा क्रमांक २३२५ आहे, मग फॉन्ट कोणताही असो.

अक्षरे मोकळी झाली, पण लिहिण्याच्या आज्ञावलीचे काय? मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये 'विंडोज लाइव्ह रायटर' आणला. ब्लॉगवरचा लेख आपल्याच संगणकावर लिहायचा, चित्रे बसवायची आणि इंटरनेटची जोडणी मिळाली की एका कळीने प्रसिद्ध करायचा, अशी त्याची रीत. ब्लॉगच्या पानाची ठेवण तो आधीच उतरवून घेई, त्यामुळे लेख कसा दिसेल हे लिहितानाच कळे. इंदापूर तालुक्यातल्या शाळेने उजनीच्या पाणथळीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या नोंदी लिहायच्या ठरवल्या, तर अशी सोय किती मोलाची! नोंदी रोज लिहाव्यात, जोडणी मिळेल तेव्हा पाठवाव्यात.

परंतु २०१२ नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. पुढे गूगलच्या 'ब्लॉगर' सेवेने लेखकाची ओळख पटवण्याची जुनी पद्धत बंद करायचे ठरवले. तसे होताच जुन्या रायटरमधून तेथे लेख पाठवता आला नसता. वापरणारे अनेक होते, पण मूळ आज्ञा कंपनीकडे असल्याने दुरुस्ती त्यांच्या हाती नव्हती. अखेर कंपनीतल्याच काही स्वयंसेवकांच्या खटपटीने डिसेंबर २०१५ मध्ये त्या आज्ञा सर्वांसाठी खुल्या झाल्या. 'ओपन लाइव्ह रायटर' जन्मला आणि ओळखीची नवी पद्धत त्यात घातली गेली. मात्र शुद्धलेखन तपासणारा भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने सुरुवातीला वगळावा लागला. जे आपले नाही ते खुलेही करता येत नाही!

खुल्या आज्ञा म्हणजे अमरत्व नव्हे. दुरुस्त करणारे हात नसतील तर तीही आज्ञावली मागे पडते. नकलून घेणारे नसते तर पोथ्याही उरल्या नसत्या. फरक इतकाच, की खुल्या साधनाला नवे हात लागण्याची वाट मोकळी राहते.

वर्गात एक प्रयोग करून पाहू या. शाळेतली पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलेली एखादी प्रश्नपत्रिका सापडली, तर ती आजच्या संगणकावर उघडावी. वाचता येते का? येत नसेल, तर किल्ली कोणाकडे राहिली, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.